व्हॅनच्या अंगात बळ आणण्याचा उद्योग

गाडीत ताकद नसणं हा काही गुन्हा नाही. आमच्या कॉर्बी क्रीकमध्ये मात्र तो गुन्ह्याच्या बराच जवळ जातो. इथे एखाद्याची नोकरी गेली, बायको सोडून गेली किंवा मेंढ्यांत रोग शिरला, तर लोक हळहळतात आणि घरी केक आणून देतात. पण कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, मागे ओढताना तुमची गाडी भर चढावर बसली, तर केक येत नाही. नुसते लोक येतात आणि खिशात हात घालून उभे राहतात.

माझी व्हॅन गेल्या नाताळात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, क्रोकर टेकडीवर अशीच बसली. समुद्राकडे जायचा तो एकच रस्ता. मागे सगळ्या जिल्ह्याच्या कॅरव्हॅन आणि बोटी खोळंबलेल्या. शेवटी आमचा शेजारी क्लेम नॉस्के स्वतःची कॅरव्हॅन टेकडीवर ठेवून रिकामा खाली आला. त्याच्याकडे मागे हौदा असलेली भलीमोठी डिझेल यूट आहे. त्याने माझी कॅरव्हॅन माझ्या व्हॅनपासून सोडवली, आपल्या यूटला अडकवली आणि शीळ वाजवत वर नेली. मी रिकामी व्हॅन घेऊन त्याच्या मागोमाग गेलो. वर पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "चढ जरा उभाच आहे, कीथ." त्याने टोमणा मारला असता तर मी केव्हाच विसरलो असतो. समजूतदारपणा विसरता येत नाही.

त्या दिवशी आम्ही समुद्रकाठच्या पॉवेल बेला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिथल्या कॅरव्हॅन पार्कचा नवा व्यवस्थापक डॅरिल हा फाटकाशी घड्याळ बघत उभा होता. पाण्यालगतच्या मोठ्या पाइनखालची जागा माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे मर्लच्या नावावर आहे. मर्ल आणि तिचा नवरा रेक्स लग्न झाल्यापासून दर नाताळ त्याच झाडाखाली काढत आले. रेक्स गेला, तरी मर्ल येते. डॅरिलने गेल्या वर्षी आम्हाला आत सोडलं, पण पुढच्या वर्षापासूनचा नियम ऐकवूनच. पहिल्या दिवशी बाराच्या आत जो फाटकाशी नाही, त्याची जागा यादीतल्या पुढच्याला. "पाइनखालच्या जागेसाठी तर लोक मी इथे येण्याआधीपासून थांबलेत," असंही तो म्हणाला. मर्लने ते ऐकलं आणि टोपी नीट केली.

क्लेमने घरी परतल्या परतल्या सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी तुझी कॅरव्हॅन मीच ओढतो. माझी कॅरव्हॅन पोरगा घेऊन येईल. तू आपला हात हलवत ये." मी म्हटलं, "नको. व्हॅन चढेल." माझी बायको ग्लेनिस माझ्याकडे बघत राहिली. तिचं म्हणणं मला न बोलताच कळलं: तिच्या आईचा नाताळ आता माझ्या नाकावर टांगलेला होता. पण मी नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस आहे. गावातल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी थकबाकीची आठवण करून दिली आहे. अशा माणसाला दरवर्षी टेकडीवरून कुणीतरी ओढून न्यायचं, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

व्हॅनबद्दल थोडं सांगायला हवं. ती जुनी आहे, पण अगदी आदिम नाही. पेट्रोलवर चालते आणि तिला कार्बोरेटर नाही, इंजेक्टर आहेत. घेतली तेव्हा ही गोष्ट मी लोकांना आपणहून सांगत असे. तिचं इंजिन पुढच्या डाव्या सीटखाली असतं. म्हणजे इंजिन बघायचं तर आधी ती सीट उचलावी लागते, आणि सीट उचलायची तर आधी मर्लला उठवावं लागतं. ती जागा मर्लची. मागे बसलं की तिला मळमळतं. त्यामुळे आमच्या घरी इंजिनाची तब्येत तपासणं हा कौटुंबिक कार्यक्रम असतो.

प्रत्येकाने सल्ला दिला. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी इंजेक्टर साफ करायची एक बाटली सुचवली, कारण त्यांच्या भावाला गुण आला होता. भावाला म्हणजे भावाच्या गाडीला. पाद्रीबुवा म्हणाले, वाऱ्याच्या दिशेचा विचार कर. क्लेम कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "तो पावाचा डबा आहे, गड्या. त्यात पाव घाल आणि वीक." मी हा प्रश्न शेवटी शेडमध्ये नेला, आणि तिथेच माझं चुकलं.

आमच्याकडे गावोगावी निवृत्त पुरुषांची एक शेड असते. बायकांना घरात जरा मोकळं फिरता यावं म्हणून सरकारने केलेली ही सोय असावी. आत लेथ, वेल्डिंग, चहाची किटली आणि डझनभर माणसं, ज्यांच्याकडे सगळी हत्यारं आहेत पण बिघडलेलं काही नाही. मी व्हॅन दारात उभी केली तेव्हा सगळे हातातली लाकडी खेळणी खाली ठेवून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी परत फिरायला हवं होतं.

शेडचा अध्यक्ष हेडली. जन्मभर त्याने ट्रॅक्टर विकले. त्याने व्हॅनभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि मला विचारलं, "इंजिन म्हणजे काय, कीथ?"

"काय?"

"श्वास. आत हवा, बाहेर धूर. हिचा श्वास कोंडलाय. दोन्हीकडून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने दोन्हीकडून म्हणजे नक्की कुठून हे बोट घालून दाखवलं.

सुरुवात सरळमार्गाने झाली, हे मान्य करतो. नवे स्पार्क प्लग, नव्या वायरी, नवा एअर फिल्टर. इंजेक्टर काढून साफ केले. जिथून चोरून हवा जात होती त्या रबरी नळ्या बदलल्या. गुण आला, खोटं कशाला सांगू. गाडी सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायला लागली, आणि दवाखान्यासमोरचा छोटा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घ्यायला लागली. मी तिथेच हात जोडून घरी यायला हवं होतं. पण एकदा बारा माणसांना एखाद्या गोष्टीत रस आला की ती गोष्ट तुमची राहत नाही.

मग हेडलीने गटाराच्या प्लास्टिकच्या नळीतून व्हॅनला नवं नाक करून दिलं. ते पुढच्या काचेच्या कडेने वर गेलं आणि टपापाशी वाकलं. "वरची हवा थंड," तो म्हणाला. त्यानंतर कुणीतरी मोडीत निघालेल्या शर्यतीच्या गाडीची मनगटाएवढी जाड धुराची नळी पैदा केली. ती बसवायची म्हणून माझा मूळचा सायलेन्सर काढून कोपऱ्यात टाकला. "तो काय करायचाय आता?" हेडली म्हणाला.

या नव्या नळीनिशी मी व्हॅन प्रथम बाहेर काढली ती नोव्हेंबरच्या अकरा तारखेला. युद्धात पडलेल्यांसाठी आमच्याकडे त्या दिवशी सकाळी अकराला स्मारकापाशी सगळं गाव स्तब्ध उभं राहतं. मीही तिकडेच निघालो होतो, काळा कोट घालून. शेडमध्ये एक नट घट्ट करायचा राहिला म्हणून मला उशीर झाला. बिगूल वाजून संपला, टोप्या काढल्या गेल्या, माना खाली गेल्या, आणि त्या शांततेत मी मुख्य रस्त्याच्या टोकाला वळलो.

आवाज कसा होता हे मला आतून नीट कळलं नाही. माणसं मला नंतर सांगत होती की बँकेच्या काचा थरथरल्या. मला दिसलं ते एवढंच, की शे-दोनशे माणसं मान खाली घालून उभी आहेत आणि सगळ्यांचे कान लाल होताहेत. मी घाईघाईने इंजिन बंद केलं. इंजिनाने बंद होता होता एक बार काढला. स्मारकाच्या पायरीवर बसलेली कबुतरं, म्हातारे आणि एक कुत्रा एकदमच उठले.

आमची पोलीस टॅम्सिन आरेन्स सलाम ठोकून उभी होती. शांतता संपेपर्यंत तिला हात खाली घेता येत नव्हता. तोवर ती फक्त डोळे फिरवून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी टोपी छातीशी धरून व्हॅनमध्ये बसून राहिलो. इतका लांब सन्मान मी शहिदांना आयुष्यात दिला नव्हता. मग ती चालत आली. काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीचा अर्थ असा, की ही गाडी सदोष आहे आणि तपासणी होईपर्यंत, तिथे नेण्यापुरती सोडून, रस्त्यावर दिसता कामा नये.

"टॅम्सिन, मी तुला लहानपणापासून ओळखतो," मी म्हटलं.

"म्हणूनच हळू बोलतेय, कीथ," ती म्हणाली.

तपासणीचं कार्यालय दोन गावं पलीकडे आहे. तिथल्या खिडकीतल्या तरुणाने नाक आणि नळी दोन्ही बघितली आणि म्हणाला, असे बदल करायचे तर इंजिनिअरचा दाखला हवा. इंजिनिअर शहरात. तो फोनवर म्हणाला, आधी आवाजाची चाचणी करून आणा. आवाजाची चाचणी करणारे म्हणाले, काचेवर पिवळी चिठ्ठी असलेली गाडी आम्ही आत घेत नाही, आधी ती काढून आणा. चिठ्ठी काढणार तपासणीचं कार्यालय. मी ते परत खिडकीतल्या तरुणाला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो, असंच आहे." मी स्वतः जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलो. हे वाक्य मी लोकांना किती वेळा ऐकवलं असेल, याचा मी परतीच्या वाटेवर विचार केला नाही. मला राग आलेला होता.

"सगळं मूळपदावर आणा, मग काही दाखला नको," असा त्या तरुणाने निरोपाचा सल्ला दिला होता. म्हणजे मूळचा सायलेन्सर हवा. मी शेडमध्ये गेलो. कोपरा रिकामा होता.

"तो?" हेडली म्हणाला. "त्याचा लेटरबॉक्स केला की. छान झाला. खाली दांडा, पुढे फट, वर छोटं छप्पर. पबमधल्या सोडतीत दिला."

आमच्या पबमध्ये दर शुक्रवारी मांसाच्या थाळीची सोडत निघते, आणि मांस कमी पडलं तर शेडवाले एखादी वस्तू घालतात. "कोणाला लागला?" मी विचारलं. सगळे एकदम चहा ढवळायला लागले. तो टॅम्सिनला लागला होता.

मी तिच्या घरी गेलो. फाटकाशी माझा सायलेन्सर हिरवा रंग लावून उभा होता.

"टॅम्सिन, हा माझा सायलेन्सर आहे."

"हा माझा लेटरबॉक्स आहे. रीतसर जिंकलाय."

"हा मिळाल्याशिवाय तुझी चिठ्ठी निघत नाही."

तिने थोडा विचार केला. बाई मनाने वाईट नाही. "दिला असता," ती म्हणाली. "पण आत बघ." मी फटीला डोळा लावला. आत गवत, आणि गवतावर चार उघड्या चोची. ठिपक्याठिपक्यांचे पार्डलोट, अंगठ्याएवढे पक्षी. मिळेल त्या भोकात घर करतात. "देशी पाखरं आहेत. घरटं हलवलं तर मलाच तुझ्यावर कारवाई करावी लागेल," ती म्हणाली. "उडून जाईपर्यंत थांब."

मग मी थांबलो. दुसरं काय करणार? रोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचं आणि टॅम्सिनच्या फाटकाशी जाऊन फटीत बघायचं. ग्लेनिस पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशीपासून बरोबर यायला लागली. पोस्टमन पत्रं कुंपणावर ठेवून जाई. क्लेमने एकदा यूट थांबवून विचारलं, "कसं काय, जोर येतोय का?" "पिसं आलीत," मी म्हटलं. डिसेंबर उजाडला तरी चौघांपैकी एक उडायचं नाव घेईना. फटीच्या कडेवर यायचं, खाली बघायचं आणि आत जायचं. मला त्याचा संताप यायचा आणि त्याची बाजूही पटायची. एके दिवशी फट रिकामी दिसली, आणि मला जरा वाईट वाटलं, हेही सांगून टाकतो.

सायलेन्सर हिरव्या रंगासकट पुन्हा बसला. नाक काढलं, चिठ्ठी निघाली. पण शेड थांबली नव्हती. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी व्हॅनला दुसरा रेडिएटर लावला, गिअरबॉक्सच्या तेलाला गार करणारी जाळी लावली, मागे कॅरव्हॅन जोडायचा आडवा दांडा पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असा जाड पोलादाचा केला, आणि कांगारू आडवे आले तर म्हणून पुढे तसलाच एक लावला. मी हेडलीला म्हटलं, "चढेल ना पण?" तो म्हणाला, "आधी वजन काय ते बघू. मग सांगतो." एवढे दिवस हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

गाडीचं वजन होईल असा काटा गावात एकच, धान्याच्या कोठारांपाशी. आणि दिवस सुगीचे. बार्लीने भरलेल्या ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत आलेली. त्या रांगेत दोन अजस्र ट्रकांच्या मधे मी व्हॅन आणि कॅरव्हॅन घेऊन उभा राहिलो. मर्ल तिच्या जागेवर बसलेली. ती वजनात धरायला हवी होती. मागचा शेतकरी उतरून आला आणि म्हणाला, "यंदा एकरी किती पडली, कीथ?"

काट्याच्या आधी एक उंच खोली असते. तिथून लांब नळी खाली येते, ट्रकमधल्या धान्यात शिरते आणि नमुना ओढून घेते. वर बसलेली मुलगी सकाळपासून तेच करत होती, तिचं लक्ष नव्हतं. नळी खाली आली, कॅरव्हॅनच्या टपावरची हवेची झडप उघडी होती, तिच्यातून आत शिरली आणि काहीतरी ओढायला लागली. मी हात हलवत ओरडलो. मुलीने बाहेर डोकं काढलं.

"वाण कोणता?" तिने विचारलं.

"कॅरव्हॅन आहे!"

नमुन्यात मर्लची अर्धी विणलेली लोकर निघाली. मुलीने फार वेळा माफी मागितली. मर्ल म्हणाली, "टाके मोजून परत दे." तोवर मागच्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवायचंही सोडून दिलं होतं, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

काट्यावर जे निघालं ते असं, की इतक्या खटपटी करून आम्ही इंजिनात जेवढं बळ घातलं होतं, तेवढंच ओझं त्याच्या पाठीवर चढवलं होतं. सोबत आलेल्या हेडलीने आकडा दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे आपण जिथे होतो तिथेच आहोत. हेही काही कमी नाही." मला त्याचा गळा धरावासा वाटला.

शेवटच्या आठवड्यात घरात एकच काम होतं, वजन उतरवणं. पुढचा आडवा दांडा गेला, दुसरा रेडिएटर गेला. ग्लेनिसने उकाड्याचा पंखा आणि अर्धी भांडी काढली, मी हत्यारांची पेटी काढली, मग तिने माझ्या मासेमारीच्या काठ्यांकडे बघितलं आणि दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. मर्लने बिडाचं मोठं भांडं काढायला साफ नकार दिला. त्यात नाताळचं पुडिंग होतं आणि ते ऑगस्टपासून मुरत होतं.

निघायच्या दिवशी सकाळीच उकाडा एवढा, की रेडिओवर रानात आग पेटवायला बंदी जाहीर झाली. आम्ही लवकर निघालो, पण सगळा जिल्हाही लवकर निघाला होता. क्लेम आमच्या मागेच होता, स्वतःची कॅरव्हॅन घेऊन. मी तसं सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नाही. कॅरव्हॅनवाल्यांच्या गाड्यांत वायरलेस असतो. सगळे एकाच चॅनेलवर असतात, त्यामुळे एकाचं बोलणं सगळी रांग ऐकते.

क्रोकर टेकडी सुरू झाली. व्हॅनने तिसरा गिअर सोडला, मग दुसरा धरला आणि खरंच चढायला लागली. गेल्या वर्षी जिथे बसली ते निलगिरीचं झाड मागे पडलं. ग्लेनिस मागून म्हणाली, "कीथ, झाड गेलं!" मला असं काही भरून आलं की मी स्टिअरिंगच थोपटलं. आणि मग माझी नजर तापमानाच्या काट्यावर गेली. इंजिन तापत होतं.

आमच्याकडे यावर एक उपाय सगळ्यांना माहीत असतो. इंजिनाची उष्णता कमी करायची तर गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. म्हणजे ती उष्णता इंजिनातून निघून माणसांत येते. बाहेर चाळीसच्या वर तापमान, खाली इंजिन, आणि मी हीटर सोडला. गुंडी टोकापर्यंत फिरवली, आणखी थोडी फिरवली, आणि ती माझ्या हातात आली.

वायरलेसवर क्लेमचा आवाज आला. "कीथ, काचा का खाली केल्यास?"

"हीटर लावलाय."

मग कुणीतरी अनोळखी माणूस म्हणाला, "म्हातारी बसलीय ना रे पुढे?"

मी मर्लकडे बघितलं. ती इंजिनावर बसली होती आणि हीटरचा झोत सरळ तिच्या अंगावर येत होता. टोपी डोक्यावर, पर्स मांडीवर, चेहरा बिटासारखा लाल. काटा अजून तांबड्यात गेला नव्हता. कदाचित चढली असती गाडी. पण तो चेहरा बघून मला माझीच लाज वाटली. मी गाडी कडेला घेतली, ग्लेनिसने उतरून चाकांमागे ठोकळे लावले, आणि मी वायरलेस उचलला.

"क्लेम, मर्लला तुझ्या गाडीत घे. तुझ्याकडे गार हवा आहे."

"घेतो. आणि कॅरव्हॅन?"

"तीही ने," मी म्हटलं. सगळी रांग ऐकत होती, ऐकू दे. "मला जमलं नाही. ओढून ने."

"गड्या, मी आनंदाने नेली असती. पण माझी वर ठेवून परत येईपर्यंत बारा वाजून जातील. जागा जाईल. तू ये हळूहळू."

मर्ल उतरली. ग्लेनिस तिचा हात धरून गेली. क्लेम स्वतः येऊन पुडिंगचं भांडं घेऊन गेला. भांडं दोन्ही हातांनी उचलताना तो कण्हला. यूट आपली कॅरव्हॅन घेऊन माझ्या शेजारून शांतपणे वर गेली. सगळी रांग पुढे निघून जाईपर्यंत मी इंजिन निवू दिलं, ठोकळे काढले, धावत येऊन बसलो, देवाचं नाव घेतलं आणि क्लच सोडला.

व्हॅन चढली. पहिल्या गिअरमध्ये, नंतर दुसऱ्यात. दोन बायका आणि एक पुडिंग उतरल्यावर ती अशी चढली की मला शंका यायला लागली. शेवटच्या वळणावर मी भोंगा वाजवला. बघायला कोणीच नव्हतं. वर्षभर ज्या क्षणासाठी जिवाचा आटापिटा केला, तो मी एकट्याने, घामाने निथळत, हीटरसमोर साजरा केला.

माथ्यावर गाड्या थांबवायची जागा आहे. तिथे क्लेमच्या यूटपाशी तिघं उभी होती. क्लेमच्या गाडीत फ्रिजही आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या हातात आइस्क्रीम होतं. ग्लेनिसने टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला आणि तितकाच अपमानही वाटला. गाडीला आमच्याच घरच्या माणसांचं ओझं होत होतं, हा वर्षभराच्या संशोधनाचा निष्कर्ष.

"चला, आता उतारच आहे," मी म्हटलं. "मर्ल, तुम्ही क्लेमबरोबरच या. फाटकाशी भेटू."

मर्लने आइस्क्रीमची काडी क्लेमच्या हातात दिली, रुमालाने बोटं पुसली, आणि व्हॅनकडे येऊन आपलं दार उघडलं.

"हीटर चालू आहे," मी म्हटलं. "गुंडी तुटलीय. बंद होत नाही."

"ठाऊक आहे."

"फार तापलंय हो आत."

"मघाशी मी आतच होते, कीथ. ग्लेनिस, बस मागे. ते भांडं घे."

ती चढून बसली. अख्खा उतार आम्ही त्या भट्टीत उतरलो, समुद्र दिसेपर्यंत आणि दिसल्यानंतरही. मी दोनदा विचारलं, थांबू का. दोन्ही वेळा तिने हाताने पुढे जा अशी खूण केली. फाटक जवळ आलं तेव्हा तिने आरसा खाली ओढून टोपी सरळ केली.

डॅरिल घड्याळ घेऊन उभा होता. बारा वाजायला थोडाच अवकाश होता. रस्त्याच्या पलीकडे एक कुटुंब कॅरव्हॅन घेऊन आशेने बसलेलं होतं. डॅरिलने खिडकीतून आत डोकं घातलं आणि हीटरचा झोत लागताच मागे घेतलं.

"वेळेत आलात की," तो म्हणाला. "यंदा कोणी ओढून आणलं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी मर्ल बोलली. मर्ल जुन्या, कडक मेथडिस्ट पंथाच्या घरातली. दारूला तिने कधी हात लावला नाही, पत्त्यांना नाही. रेक्सने पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा ती चारचौघांत दुरुस्त करून सांगायची.

"कोणी नाही," ती म्हणाली. "आमची गाडी आहे. एका दमात चढली."

मागे क्लेमची यूट येऊन थांबली होती आणि त्याची काच खाली होती. डॅरिलने त्याच्याकडे बघितलं. क्लेमने दोन्ही हातांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

"एका दमात," तो म्हणाला. "मी मागेच होतो."

डॅरिलने फाटक उघडलं.